कोड एडिटरमध्ये लँग्वेज सर्व्हर नीट चालत नाही: रीइन्स्टॉल करण्याआधी काय काय तपासायचं

लक्षणं

लँग्वेज सर्व्हर म्हणजे एडिटरच्या मागे चालून चुका आणि सजेशन पुरवणारा प्रोग्रॅम. तो बिघडला की असं दिसतं: प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये कंपाइल होतो, आउटपुट बरोबर येतं, पण एडिटर सी प्लस प्लसच्या ‘आयओस्ट्रीम’ हेडरखाली लाल नागमोडी रेघ ओढून बसतो. नागपुरात हिंगणा रोडवरच्या होस्टेलपासून मिहानमधल्या ऑफिसापर्यंत सगळीकडे हीच तक्रार सर्वात जास्त ऐकू येते. पायथनमध्ये तिचं रूप वेगळं असतं: नमपाय हे पॅकेज टाकलेलं असतं, प्रोग्रॅम धावतो, तरी इम्पोर्टच्या ओळीवर ‘कुड नॉट बी रिझॉल्व्ह्ड’ असा इशारा येतो.

आणखी काही लक्षणं. कंट्रोल दाबून फंक्शनवर क्लिक केलं की ‘नो डेफिनिशन फाउंड’. खालच्या कोपऱ्यात ‘सर्व्हर क्रॅश्ड ५ टाइम्स इन द लास्ट ३ मिनिट्स’ अशी सूचना, आणि त्यानंतर सगळं शांत. लॉगमध्ये ‘स्पॉन’ आणि ‘ईएनओईएनटी’ हे शब्द. किंवा सर्व्हर चालू आहे, पण पंखा थांबत नाही आणि प्रत्येक अक्षराला एडिटर अडखळतो.

एक लक्षण फसवं आहे. सजेशन येतात, म्हणून सर्व्हर चालू आहे असं वाटतं. व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर फाइलमध्ये आधीच असलेले शब्दही सजेशन म्हणून दाखवतो. त्यांच्यापुढे ‘एबीसी’ असं छोटं चिन्ह असतं. सगळ्या सजेशनपुढे हेच चिन्ह दिसत असेल, तर सर्व्हर तुमच्याशी बोलतच नाहीये.

(कमांड आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, बहुतेक लहान लिपीत करायची.)

आधी बिघाड कोणत्या जातीचा ते ओळखा

एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. एडिटर फक्त विचारतो: या ओळीत चूक आहे का, हे नाव कुठे डिक्लेअर केलंय? उत्तर सर्व्हर देतो. दोघांच्या बोलण्याची ठरलेली पद्धत म्हणजे लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. मायक्रोसॉफ्टने तो २०१६ मध्ये खुला केला. त्यामुळेच तोच क्लँगडी (सी आणि सी प्लस प्लसचा लँग्वेज सर्व्हर) व्हीएस कोडमध्येही चालतो आणि निओव्हिम या दुसऱ्या एडिटरमध्येही.

आणखी एक तिसरा प्रोग्रॅम असतो, तो म्हणजे तुमचा कंपायलर किंवा इंटरप्रीटर, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. टर्मिनलमध्ये ‘जी प्लस प्लस’ चालतो, एडिटरमागे क्लँगडी चालतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. सर्व्हर सहसा बिघडलेला नसतो. तुम्ही ज्या फोल्डरमधून, ज्या कंपायलरने आणि ज्या फ्लॅगने (कंपायलरला दिलेल्या पर्यायांनी) बिल्ड करता, ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून एक्स्टेंशन काढून परत टाकल्याने काहीही बदलत नाही. नव्या सर्व्हरलाही तेवढंच माहीत असतं.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

फोल्डर उघडलंय का, फाइल? एक्सप्लोररमधून फाइलवर डबल क्लिक केलं की एडिटरला एकटी फाइल मिळते, प्रोजेक्ट मिळत नाही. ‘फाइल’ मेनूतून ‘ओपन फोल्डर’ करा, आणि फोल्डरही योग्य निवडा. रस्टसाठी ‘कार्गो डॉट टॉमल’, गोसाठी ‘गो डॉट मॉड’, जावासाठी ‘पॉम डॉट एक्सएमएल’ किंवा ग्रेडलची फाइल जिथे आहे, ते फोल्डर. त्याच्या दोन-तीन पातळ्या वरचं उघडलं तर रस्टचा सर्व्हर प्रोजेक्ट सापडला नाही म्हणतो. उलट टोकाला काही जण सगळा डी ड्राइव्ह नाहीतर डेस्कटॉप उघडतात. मग पायराइट या पायथनच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये फाइली मोजायला १० सेकंदांपेक्षा जास्त लागत असल्याची ओळ येते आणि सगळं रांगायला लागतं.

खाली उजवीकडे स्टेटस बारवर भाषेचं नाव बघा. तिथे ‘प्लेन टेक्स्ट’ असेल तर सर्व्हर सुरू होण्याचा प्रश्नच नाही. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग (फाइल एक्स्टेंशन) लपवतो, त्यामुळे ‘मेन डॉट सीपीपी डॉट टीएक्सटी’ अशा नावाच्या फाइली लॅबमध्ये नेहमी सापडतात.

वरती ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ची पट्टी दिसते का? पेनड्राइव्हवरून किंवा झिपमधून आणलेलं फोल्डर पहिल्यांदा उघडलं की व्हीएस कोड विश्वास ठेवायचा का विचारतो. घाईत ‘नो’ दाबलं गेलं की बरीच एक्स्टेंशन अर्धवट चालतात किंवा चालतच नाहीत. कोड कोणाचा आहे हे माहीत असेल तरच ‘ट्रस्ट’ करा.

आता फक्त सर्व्हर रीस्टार्ट करा. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘रीस्टार्ट’ टाइप केलं की ‘क्लँगडी: रीस्टार्ट लँग्वेज सर्व्हर’, ‘पायथन: रीस्टार्ट लँग्वेज सर्व्हर’, ‘टाइपस्क्रिप्ट: रीस्टार्ट टीएस सर्व्हर’ यातलं लागू असेल ते सापडतं. नवं पॅकेज टाकल्यावर किंवा गिटची ब्रँच बदलल्यावर सर्व्हरच्या डोक्यात जुनंच चित्र राहू शकतं. ते यानेच जातं.

लॉग वाचा, अंदाज बांधू नका

‘व्ह्यू’ मेनूतून ‘आउटपुट’ उघडा आणि उजवीकडच्या यादीतून सर्व्हरचं नाव निवडा. निओव्हिममध्ये ‘चेकहेल्थ व्हिम डॉट एलएसपी’ द्या. लॉग लिनक्सवर होम फोल्डरमधल्या ‘डॉट लोकल’खाली, ‘स्टेट’मधल्या ‘एनव्हिम’ फोल्डरात असतो. शेवटची ओळ नको, पहिली एरर शोधा. खालच्या बऱ्याचशा ओळी तिचेच परिणाम असतात.

‘ईएनओईएनटी’ म्हणजे दिलेल्या जागी प्रोग्रॅमच नाही. लिनक्सवर एक्झिट कोड १२७ आला तरी अर्थ तोच, कमांड सापडली नाही. १२६ म्हणजे फाइल आहे, पण चालवायची परवानगी नाही. क्लँगडी ‘फेल्ड टू फाइंड कंपायलेशन डेटाबेस’ (फ्लॅगची यादी सापडली नाही) लिहितो, तेव्हा तो व्यवस्थित चालू असतो आणि फ्लॅग अंदाजाने ठरवत असतो. जावात ‘क्लास फाइल व्हर्जन ६५’ची तक्रार म्हणजे सर्व्हरला जावा २१ हवी आहे आणि तुम्ही त्याला जुनी दिली आहे. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८.

या ओळीवरून पुढची वाट ठरते. प्रोग्रॅम सापडत नसेल तर पुढचा भाग वाचा, सापडत असेल तर तो सरळ सोडा.

सर्व्हर सापडतच नाही

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर क्लँगडी’ द्या. पॉवरशेलमध्ये नुसता ‘व्हेअर’ दिला तर काहीच छापून येत नाही, कारण तिथे तो दुसऱ्याच कमांडचा शॉर्टकट आहे. तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहावं लागतं. लिनक्सवर ‘विच’.

टर्मिनलला सापडतो पण एडिटरला नाही, असं असेल तर बहुतेक पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) जुना आहे. एडिटर सुरू होताना पाथ एकदाच वाचतो. नंतर तुम्ही तो बदलला तरी उघड्या विंडोला कळत नाही. ‘रीलोड विंडो’ पुरत नाही. सगळ्या विंडो बंद करून एडिटर नव्याने उघडा. लिनक्स आणि मॅकवर आणखी एक भानगड असते. मेनूतल्या आयकॉनवरून उघडलेल्या एडिटरला शेलच्या सेटिंग फाइलमधला पाथ मिळेलच असं नाही. टर्मिनलमधून ‘कोड’, स्पेस, बिंदू देऊन उघडलं आणि सर्व्हर चालला, तर दुखणं हेच आहे. गोचा सर्व्हर ‘गोपल्स’ होम फोल्डरमधल्या ‘गो’खालच्या ‘बिन’मध्ये जातो. ते फोल्डर पाथमध्ये नसणं हे गोच्या तक्रारींमागचं नेहमीचं कारण.

पाथच्या मागे लागण्यापेक्षा सेटिंगमध्ये सर्व्हरचा पूर्ण पत्ता लिहिणं सोपं पडतं. क्लँगडीच्या एक्स्टेंशनमध्ये त्यासाठी ‘क्लँगडी: पाथ’ अशी सेटिंग आहे.

कॉलेजच्या प्रॉक्सीमागे एक्स्टेंशन येतं पण सर्व्हर येत नाही, असंही होतं. क्लँगडीचं एक्स्टेंशन सर्व्हर गिटहबवरून वेगळा उतरवतं. तिथे फायरवॉल आडवी आली की नुसतं गोल फिरत राहतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा करून बघा. जमलं तर झिप उतरवून घ्या, तीच सगळ्या मशीनवर उघडा आणि पाथची सेटिंग द्या.

सर्व्हर चालतो पण चुकीचं सांगतो

सी प्लस प्लसपासून सुरुवात करू, कारण सर्वात जास्त वेळ इथेच जातो.

आधी बघा, दोन सर्व्हर एकाच वेळी चालू आहेत का. मायक्रोसॉफ्टचं सी/सी प्लस प्लस एक्स्टेंशन आणि क्लँगडी दोन्ही टाकलेली असली की प्रत्येक चूक दोनदा दिसते, सजेशन दोन-दोन येतात, आणि एकाने मान्य केलेलं दुसरा नाकारतो. एकच ठेवा. डिबगरसाठी मायक्रोसॉफ्टचं हवं असेल तर त्यातलं ‘इंटेलिसेन्स इंजिन’ तेवढं ‘डिसेबल्ड’ करा.

मायक्रोसॉफ्टचंच ठेवलं असेल तर काम थोडकं आहे. ‘सी/सी प्लस प्लस: एडिट कॉन्फिगरेशन्स (यूआय)’ उघडून ‘कंपायलर पाथ’मध्ये तुमच्या ‘जी प्लस प्लस डॉट ईएक्सई’चा पूर्ण पत्ता द्या. एमएसवायएस२ (विंडोजवर ‘जी प्लस प्लस’ आणणारा संच) नेहमीच्या जागी टाकलं असेल तर तो सी ड्राइव्हवरच्या ‘एमएसवायएस६४’, त्यातल्या ‘यूसीआरटी६४’, त्यातल्या ‘बिन’मध्ये असतो. हेडर कुठे आहेत ते एक्स्टेंशन त्या कंपायलरलाच विचारून घेतं. इनक्लूड पाथ हाताने भरत बसू नका. जीसीसीचं (‘जी प्लस प्लस’ ज्यातला आहे त्या कंपायलर संचाचं) व्हर्जन बदललं की ती यादी जुनी होते.

क्लँगडी ठेवला असेल तर थोडं समजून घ्यावं लागतं. अधिकृत विंडोज बिल्डमधला क्लँग मुळात व्हिज्युअल स्टुडिओचा कंपायलर गृहीत धरतो. तुमच्याकडे आहे मिनजीडब्ल्यू, म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी. मग ‘आयओस्ट्रीम’ कुठून सापडणार? आणि स्पर्धा परीक्षांच्या कोडमधलं लाडकं ‘बिट्स’वालं सर्वसमावेशक हेडर तर प्रमाणित सी प्लस प्लसमध्ये नाहीच, ते जीसीसीच्या लायब्ररीबरोबर येतं. सोपा इलाज म्हणजे क्लँगडीही एमएसवायएस२ मधूनच, त्याच यूसीआरटी६४ गटातून घ्यायचा. पॅकेजच्या नावाचा शेवट ‘क्लँग-टूल्स-एक्स्ट्रा’ असा आहे. तो मिनजीडब्ल्यूसाठीच बांधलेला असल्याने घरचे हेडर ओळखतो. एक्स्टेंशनमधल्या पाथच्या सेटिंगमध्ये याच क्लँगडीचा पत्ता द्यायला विसरू नका, नाहीतर आधीचाच चालू राहतो.

दुसरी वाट: प्रोजेक्टच्या मुळाशी ‘डॉट क्लँगडी’ नावाची फाइल करा, त्यात ‘कंपाइलफ्लॅग्ज’खाली ‘कंपायलर’ म्हणून ‘जी प्लस प्लस’चा पत्ता लिहा, आणि क्लँगडीच्या आर्ग्युमेंट्समध्ये ‘क्वेरी-ड्रायव्हर’ला तोच पत्ता द्या. दोन्ही लागतात. दुसरं नसेल तर सुरक्षेसाठी क्लँगडी अनोळखी कंपायलर चालवून बघत नाही, आणि पहिलं नसेल तर कोणाला विचारायचं ते त्याला कळत नाही.

पत्त्यात स्लॅश पुढे झुकलेला लिहा. यूजर फोल्डरचं नाव देवनागरीत असेल किंवा प्रोजेक्टच्या पत्त्यात स्पेस असेल, तर सगळं सी ड्राइव्हवर सरळ ‘कोड’ नावाच्या फोल्डरात हलवा. जुन्या बिल्ड टूलना असे पत्ते पचत नाहीत, आणि एरर भलतीकडेच दिसते.

आता फ्लॅग. एकट्या-दुकट्या फाइलींच्या लॅब प्रॅक्टिकलसाठी ‘कंपाइल अंडरस्कोर फ्लॅग्ज डॉट टीएक्सटी’ पुरते: एका ओळीत एक फ्लॅग. पहिली ओळ सी प्लस प्लस २० ची, दुसरी इनक्लूड फोल्डरची. दोन फ्लॅग एका ओळीत लिहिले तर तो त्यांना एकच समजतो. नवं मानक वापरूनही नव्या गोष्टींखाली लाल रेघ येत असेल, तर ही मानकाची ओळ राहिलेली असते.

सीमेक हे बिल्ड टूल असेल तर ‘सीमेक एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स’ हा पर्याय ‘ऑन’ करा. त्यातून ‘कंपाइल अंडरस्कोर कमांड्स डॉट जेसन’ तयार होते आणि प्रत्येक फाइलचा खरा फ्लॅग त्यात असतो. क्लँगडी ती फाइलच्या फोल्डरपासून वर वर शोधत जातो, आणि त्या प्रत्येक फोल्डरातल्या ‘बिल्ड’मध्येही डोकावतो. तुमचं बिल्ड फोल्डर ‘आउट’ किंवा ‘डीबग’ नावाचं असेल तर सापडत नाही. जेसन मुळाशी कॉपी करा किंवा ‘कंपाइल-कमांड्स-डिर’ आर्ग्युमेंटने जागा दाखवा. हा पर्याय मेकफाइल आणि निन्जा जनरेटरवरच चालतो. व्हिज्युअल स्टुडिओ जनरेटरवर सीमेक त्याकडे काही न बोलता दुर्लक्ष करतं, आणि लोक फाइल शोधत बसतात. साध्या मेकचा प्रोजेक्ट लिनक्सवर असेल तर आधी ‘मेक क्लीन’ करा, मग ‘बेअर’ या कंपाइल कमांड नोंदवणाऱ्या टूलच्या आडून मेक चालवा. क्लीन केलं नाही तर काहीच कंपाइल होत नाही आणि जेसन रिकामी निघते.

खात्रीसाठी टर्मिनलमध्ये क्लँगडीला ‘चेक’ आर्ग्युमेंटसह फाइलचं नाव द्या. कोणता फ्लॅग कुठून घेतला आणि कुठे अडलं, हे एडिटर मध्ये न आणता दिसतं.

पायथनमध्ये गोष्ट एवढी लांबत नाही. पायथनची फाइल उघडी असताना स्टेटस बारवर इंटरप्रीटरचं व्हर्जन दिसतं. त्यावर क्लिक करून प्रोजेक्टचा ‘डॉट वेन्व्ह’ (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) निवडा. पॅकेज टाकताना नुसतं पिप नको, ‘पायथन, डॅश एम, पिप, इन्स्टॉल’ असं द्या, म्हणजे ते त्याच पायथनमध्ये जातं. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप थेट टाकूच देत नाही. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असं सांगून अडवतो. त्याला जबरदस्तीचा फ्लॅग देऊ नका, वेन्व्ह करा. आपल्याच फाइलला ‘रँडम’ किंवा ‘नमपाय’ नाव दिलेलं असेल तर ते आधी बदला.

पायराइटच्या सेटिंगमध्ये एक सापळा आहे. ‘एक्सक्लूड’ रिकामं असतं तेव्हा तो नोड मॉड्यूल्स, बिंदूने सुरू होणारी फोल्डरं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आपणहून वगळतो. तुम्ही त्यात एक जरी फोल्डर लिहिलं, तरी ती आपोआप वगळायची यादी जाते आणि तो हजारो फाइली वाचायला लागतो. लिहायचं असेल तर जुनी नावंही परत लिहा. आणि व्हीएसकोडियम (व्हीएस कोडचा खुला अवतार) वापरत असाल तर पायलान्स या मायक्रोसॉफ्टच्या पायथन सर्व्हरचा नाद सोडा. त्याचा परवाना मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या उत्पादनांपुरता आहे. पायराइट खुला आहे, तो घ्या.

जावात सर्व्हर चालवायची जावा आणि प्रोजेक्टची जावा वेगळी असू शकते, हे लक्षात घेतलं की निम्मं काम होतं. अभ्यासक्रमासाठी जावा ८ लागत असेल तर ती ‘जावा कॉन्फिगरेशन रनटाइम्स’मध्ये लिहा आणि सर्व्हरला नवी जावा राहू द्या. रेड हॅटच्या एक्स्टेंशनबरोबर ती सहसा येतेच. निओव्हिममध्ये येत नाही, तिथे जावा होम जुनी असली की सर्व्हर जन्मालाच येत नाही. वादळी पावसात वीज जाऊन डेस्कटॉप अचानक बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी जावाचे सगळे इम्पोर्ट लाल झाले, तर ‘जावा: क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस’ चालवा. त्याने तुमचा कोड जात नाही, सर्व्हरचा बिघडलेला साठा तेवढा पुसला जातो.

चालतो, पण मशीनला झेपत नाही

टास्क मॅनेजर उघडा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर क्रोमच्या वीस टॅब आणि जावाचा सर्व्हर एकत्र नांदत नाहीत. रॅम भरली की सिस्टिम डिस्कवर ढकलाढकल करते, सर्व्हरचं उत्तर उशिरा येतं, आणि तो बिघडल्यासारखा वाटतो.

क्लँगडीला ‘जे’ आर्ग्युमेंटमध्ये २ द्या, म्हणजे तो दोनच थ्रेड घेईल. तरीही नाही भागलं तर बॅकग्राउंड इंडेक्स (सगळ्या प्रोजेक्टची मागे तयार होणारी सूची) बंद करा, पण मग उघड्या नसलेल्या फाइलींतले संदर्भ पूर्ण मिळणार नाहीत, हे मान्य करूनच. मोठ्या प्रोजेक्टचं पहिलं इंडेक्सिंग सकाळी करा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी सगळे कोर एकदम पेटले की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर नको, आणि कूलरच्या थेट झोतातही नको, त्या हवेत ओलावा असतो.

लिनक्सवर फाइल बदललेली सर्व्हरला कळत नसेल तर ‘इनोटिफाय’ची (फाइलींवर लक्ष ठेवणाऱ्या सोयीची) मर्यादा बघा. जुन्या सिस्टिमवर ती ८१९२ असते, ती ५२४२८८ करतात. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होममध्ये ठेवा. विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवलेला प्रोजेक्ट तिथून फार हळू वाचला जातो. सर्व्हरही लिनक्सच्या बाजूलाच इन्स्टॉल असला पाहिजे.

काहीच सापडत नसेल तर ‘हेल्प: स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’. व्हीएस कोड अर्धी एक्स्टेंशन बंद करून विचारतो, मग त्यातली अर्धी, असं करत दोषी एक्स्टेंशन पकडून देतो. तीस एक्स्टेंशन असली तरी पाच-सहा फेऱ्यांत निकाल लागतो. रीइन्स्टॉलचा नंबर यानंतरचा.

कुठे थांबायचं

कंपनीच्या लॅपटॉपवर अँटिव्हायरस किंवा पॉलिसी सर्व्हरची फाइल अडवत असेल तर तिथेच थांबा. फाइलचं नाव बदलून, दुसऱ्या फोल्डरात टाकून चकवू नका. आयटी टीमला तिकीट टाका, त्यात फाइलचा पूर्ण पत्ता आणि व्हर्जन लिहा. लॅबमधली प्रॉक्सी आणि अ‍ॅडमिन पासवर्ड हे लॅब इन्चार्ज सरांचं काम आहे, तुमचं नाही.

फर्मवेअरचा प्रोजेक्ट, क्रॉस कंपायलर आणि कंपनीची स्वतःची बिल्ड स्क्रिप्ट असेल तर कंपाइल कमांड्सची फाइल बिल्ड सांभाळणाऱ्या माणसाकडूनच मागा. अंदाजाने फ्लॅग लावले तर लाल रेघा जातील, पण सर्व्हर चुकीच्या चिपसाठी कोड तपासत राहील.

नव्या फोल्डरात दहा ओळींची फाइल ठेवूनही सर्व्हर क्रॅश होत असेल, तर तो सर्व्हरचाच दोष आहे. आधीच्या व्हर्जनवर जा आणि त्या प्रकल्पाच्या इश्यू ट्रॅकरवर कळवा. सोबत सर्व्हरचं आणि एडिटरचं व्हर्जन, ती छोटी फाइल आणि लॉग द्या. लॉगमध्ये तुमच्या फोल्डरांची नावं आणि कधी कधी कोडही असतो, कंपनीचं काम असेल तर ते आधी काढा.

इंडेक्सिंग सुरू होताच लॅपटॉप बंद पडत असेल तर सेटिंगमध्ये काही शोधू नका. आधी बॅकअप घ्या, मग बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्याकडून पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या. रॅम वाढवायची असेल तर त्यालाच आधी विचारा, मोकळा स्लॉट आहे की रॅम बोर्डावर पक्की बसवलेली आहे. पक्की असेल तर वाढवता येत नाही.